दोघींपुरता ठोकळा

मी ठोकळा बोलतोय. हसलात ना? हसा. ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही अशा माणसाला तुम्ही माझं नाव देता, हे मला चांगलं ठाऊक आहे. शाळेत उभा जन्म काढल्यावर एवढं तर कळतंच.

माझा जन्म एका बिघाडातून झाला. शाळेच्या मैदानावर जो माइकचा दांडा होता, त्याची मधली कळ गंजून बसली होती. दांडा मुख्याध्यापकांच्या उंचीला अडकला तो अडकलाच. रोज सकाळी एक मूल पुढे येऊन प्रतिज्ञा सांगायचं आणि त्याचा आवाज माइकच्या खालून निघून जायचा. शेवटी बाकं दुरुस्त करायला सुतार आला होता, त्यालाच शिपाईकाकांनी सांगितलं, "पोरांना उभं राहायला काहीतरी ठोकून दे."

"माप काय घेऊ?" सुताराने विचारलं.

"सगळ्यात बुटक्या पोराचं घे. उंच पोरं वाकतील जरा, त्यांचं काही बिघडत नाही."

मोडक्या बाकाच्या फळ्या आणि कुठल्याशा कपाटाचं एक दार, यांतून मी तयार झालो. लाकूड जरा जास्त होतं आणि सुताराला कापायचा कंटाळा आला होता, म्हणून मी हवा होतो त्यापेक्षा बराच लांब झालो. शिपाईकाका म्हणाले, "अरे, यावर दोघं उभे राहतील!" सुतार म्हणाला, "राहू देत की." ही गोष्ट लक्षात ठेवा.

मग माझा रोजचा दिवस सुरू झाला. घंटा झाली की मला व्हरांड्यातून उचलून माइकसमोर ठेवायचे. ज्याची पाळी असेल ते मूल माझ्यावर चढायचं, उजवा हात समोर धरायचं आणि आमच्या शाळेच्या स्वतःच्या प्रतिज्ञेची एकेक ओळ सांगायचं. सगळी शाळा हात पुढे करून ती ओळ मागून म्हणायची. समोरच्या भिंतीवर प्रतिज्ञा मोठ्या निळ्या अक्षरांत रंगवलेलीच होती, पण पुढे उभ्या राहिलेल्या मुलाने भिंतीकडे बघितलं तर ती नामुष्की समजली जाई.

मला माणसांचे चेहरे फारसे दिसत नाहीत. मी पायांवरून माणूस ओळखतो. नवे बूट घातलेलं मूल माझ्यावर उगाच दोनदा पाय आपटतं. पाठ न झालेलं मूल टाचा उचलतं. प्रतिज्ञा चालू असताना मागे उभ्या असलेल्या शिक्षकांचे पाय आधीच वर्गाकडे वळलेले असतात. आणि पहिल्या दोन ओळी ताठ असलेले हात तिसऱ्या ओळीला पुढच्याच्या खांद्यावर जाऊन आराम करतात. देशावर सगळ्यांचं प्रेम असतं हो, पण हात दुखतो त्याला कोण काय करणार!

त्या निळ्या अक्षरांच्या पेंटरची मुलगी याच शाळेत होती. ती बोलताना अडखळायची. एखाद्या शब्दाचं पहिलं अक्षर तिच्या ओठांवर अडून बसायचं आणि ती जितका जोर लावील तितकं ते घट्ट व्हायचं. मुलं तिला 'टिकटिक' म्हणायची. वर्गात हजेरी घेताना ती नुसता हात वर करायची. प्यायला पाणी हवं असलं तरी विचारायची नाही, मधल्या सुट्टीपर्यंत तशीच थांबायची.

तिची बाकावरची मैत्रीण होती बडबडी. नावाप्रमाणेच. टिकटिकचं बोलणंही तीच बोलायची. "बाई, हिला पेन्सिल हवीय." "बाई, हिचं पोट दुखतंय." "बाई, हिला उत्तर येतंय, पण मीच सांगते." बडबडीच्या डाव्या बुटाचं बक्कल कायम सुटलेलं असे. प्रतिज्ञेला दोघी पहिल्या रांगेत, माझ्या अगदी समोर उभ्या असायच्या, म्हणून मला ते बक्कल पाठ होतं.

आता एक नवल सांगतो. प्रतिज्ञेत टिकटिक अडखळत नसे. सगळ्यांच्या सुरात तिचा सूर मिसळला की शब्द कसे पाण्यासारखे वाहायचे. 'मी शपथ घेते की मी माझ्या देशाशी एकनिष्ठ राहीन' इथपासून 'संकटात माझ्या माणसांची साथ सोडणार नाही' या शेवटच्या ओळीपर्यंत एकही अक्षर अडायचं नाही. दिवसभरात तेवढाच वेळ ती इतर मुलांसारखी असायची. असं का होतं ते मला विचारू नका. मी ठोकळा आहे.

वर्गाच्या बाई एक दिवस रांगांमधून फिरत होत्या. कोण म्हणतंय आणि कोण नुसते ओठ हलवतंय, हे त्या कान देऊन ऐकायच्या. टिकटिकपाशी येऊन त्या थांबल्या. पुन्हा मागे आल्या, पुन्हा ऐकलं.

"अगं, इतकं स्वच्छ बोलतेस की तू! उगीच लाजतेस वर्गात. पुढच्या वेळी आपल्या वर्गाची पाळी आली की तूच सांगायचीस प्रतिज्ञा."

बाईंच्या मनात काळं नव्हतं. पोरीची भीड चेपावी एवढंच त्यांना वाटत होतं. पण बाईंनी ऐकला तो सगळ्या शाळेचा आवाज, आणि त्या तो एकट्या पोरीचा समजल्या. नाही म्हणायलाही टिकटिकला बोलावं लागलं असतं. ती गप्प राहिली, आणि बाईंना वाटलं, तयार आहे.

तिच्या बाबांना कळलं तेव्हा ते भिंतीवरची उन्हाने उडालेली अक्षरं गिरवायला आले होते. हातातला ब्रश डब्यात तसाच राहिला. "माझी अक्षरं तू बोलणार?" ते एवढंच म्हणाले, आणि उगाचच शिपाईकाकांना हाक मारून ते सांगायला गेले. त्या दिवशी टिकटिक माझ्या काठावर बसून होती. बाबांचा आनंद बघून तिने दोन्ही पाय वर ओढून घेतले होते, आणि तरीही तिला ते करायचं होतं. बाबांसाठी तर होतंच, पण स्वतःसाठीही होतं. एकदा, फक्त एकदा, सगळ्यांसमोर आपला आवाज निघावा असं तिला वाटत होतं.

पाळीच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर दोघी मैदानात थांबल्या. टिकटिक एकटी माझ्यावर चढली आणि पहिल्याच ओळीला अडली. पुन्हा अडली. तिच्या पायाची बोटं बुटात आवळली गेली, ते मला वरून जाणवत होतं. तेव्हा बडबडी एक उडी मारून माझ्यावर आली. "सरक तिकडे. चल, बरोबर म्हणू." टिकटिक डाव्या कडेला सरकली. दोघींनी हात पुढे केले, आणि प्रतिज्ञा सुरुवातीपासून शेवटपर्यंत घडाघडा झाली. मग परत एकदा म्हटली, मग गाण्याच्या चालीवर म्हटली, मग हसून हसून दोघी माझ्यावरून खाली पडल्या. माझ्या आयुष्यात एवढा आनंद मी कधी पाहिला नाही.

"उ-उद्या पण येशील वर?" टिकटिकने विचारलं.

"येईन की."

"न-नक्की?"

"अगं, शपथ! आता प्रतिज्ञाच तर घेतली ना आपण? साथ सोडणार नाही म्हणून!"

दुसऱ्या दिवशी पेंटर धुतलेला शर्ट घालून फाटकापाशी येऊन उभे राहिले. कुठल्याशा दुकानाची पाटी अर्धी टाकून ते आले होते. घंटा झाली. बाईंनी टिकटिकच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे पाठवलं. ती माझ्यावर चढली आणि डाव्या कडेला उभी राहिली. उजवी बाजू तिने मोकळी ठेवली होती.

मी बक्कल सुटलेल्या बुटाकडे बघत होतो. तो बूट एक पाऊल पुढे आला. तेवढ्यात मागून कुणी शिक्षक खेकसले, "रांग मोडू नका!" आणि बूट होता तिथे परत गेला.

टिकटिकने थोडी वाट पाहिली. बाई हळूच म्हणाल्या, "मध्ये उभी राहा, आणि कर सुरुवात." ती मध्ये आली नाही. तिने हात पुढे केला.

"मी श-श-श..."

आता यात एक गोष्ट अशी की, आधीच्याच आठवड्यात पहिलीतल्या चिमुरड्यांना सक्त ताकीद मिळाली होती. ती पुढच्याची वाट न बघता आपली प्रतिज्ञा भरधाव म्हणत सुटायची, म्हणून त्यांना बजावलं होतं, "पुढचा जे म्हणेल तेच आणि तसंच म्हणायचं. आपल्या मनाचं काही घालायचं नाही." आज्ञाधारक लेकरं ती. त्यांनी हात पुढे धरून, मोठ्या भक्तिभावाने म्हटलं, "मी श-श-श..."

टिकटिकने पुन्हा जोर लावला. "श-श-शप..."

"श-श-शप!" या वेळी पहिलीबरोबर दुसरी आणि तिसरीही होती.

मग कुणीतरी मोठं पोर फिस्सकन हसलं, आणि मैदानच्या मैदान हसू लागलं. लहानांना वाटलं, हसायचंही असतं, म्हणून तीही हसली. माझ्यावरचे दोन छोटे पाय असे थरथरत होते की माझा खिळा न् खिळा वाजत होता. तिने एकदाच समोर, बडबडीकडे पाहिलं असावं. कारण बक्कल सुटलेला तो बूट दुसऱ्या बुटामागे लपला.

मला हात असते तर मी त्या बडबडीला ओढून वर घेतलं असतं. अर्धा ठोकळा मोकळा होता हो!

"असू दे, असू दे. खाली ये बाळ," बाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज फाटला होता. चौथीतला एक मुलगा माझ्यावर चढला आणि त्याने सगळी प्रतिज्ञा न चुकता सांगितली. सगळ्या शाळेने ती न चुकता म्हटली, शेवटच्या ओळीसकट. टिकटिक मैदानातून सरळ चालत फाटकाकडे गेली. पेंटरांनी तिचं दप्तर घेतलं, म्हणाले, "चल," आणि दोघं गेले. ती भिंत त्यांच्या वाटेतच होती. दोघांनीही वर पाहिलं नाही.

ती शाळेत परत आली, नाही असं नाही. पहिल्या रांगेतून मागे गेली. बाई पुन्हा रांगांमधून फिरल्या आणि तिच्यापाशी कान नेऊन थांबल्या. तिचा हात पुढे होता, ओठ हलत होते, आवाज नव्हता. "अगं, सगळ्यांबरोबर तरी येत होतं ना तुला?" बाईंनी विचारलं. मग बाई व्हरांड्यात, माझ्यापाशी येऊन, पदराने डोळे पुसत बसल्या. जिथे तिला बोलता यायचं अशी एकच जागा होती, ती आपण घालवली, हे बाईंना कळलं. पण कळून काय उपयोग?

बडबडी तिच्याशेजारी बसत राहिली, पण "हिला पेन्सिल हवीय" हे बंद झालं. एक दिवस टिकटिकनेच बाक बदललं. पुढे ती शाळा सोडून बाबांबरोबर पाट्या रंगवायला जाऊ लागली, असं शिपाईकाकांकडून ऐकलं.

यथावकाश हातात धरायचे माइक आले आणि मला कोठीत टाकलं. माझ्यावर खडूंचे खोके ठेवले, दिव्याची बटणं दुरुस्त करताना माणसं चढली, दार आपटू नये म्हणून मला आडवा लावला. माझ्यातली कपाटाच्या दाराची फळी मधोमध तडकली. तक्रार नाही. वाईट फक्त याचं वाटायचं की माझ्यावर आता कुणाचे लहान पाय येत नाहीत.

मध्यंतरी शाळेने ती भिंत नव्याने रंगवायला काढली. जुने पेंटर आता या जगात नाहीत. कोठीचं दार उघडलं, कुणीतरी मला उचलून भिंतीपाशी नेलं, आणि माझ्यावर एक बाई अनवाणी चढली. पायाची बोटं आवळलेली होती. मी ओळखलं. माझा तडा आणखी उघडला तरी मी हूं की चूं केलं नाही.

ती बाबांच्याच वळणाची अक्षरं काढत होती. दुपारी चपलांचा आवाज आला. शाळेतल्याच एक शिक्षिका येऊन माझ्यापाशी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ओळखलंस मला?"

वर ब्रश थांबला.

"मी रोज मुलांकडून हे म्हणून घेते. शेवटच्या ओळीला माझी जीभ रोज अडते. कुणाला कळत नाही, मुलांच्या आवाजात लपून जातं." बडबडी रडत होती. शिक्षिका झाली तरी रडणं तेच, नाक ओढत. "मी यायला निघाले होते गं. सर ओरडले आणि घाबरले. आता येऊ? आता म्हणू या आपण दोघी? कुणी नाहीये इथे."

टिकटिकने माझ्यावरून खाली बघितलं. तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तिचा आवाज फार मऊ होता.

"ते-तेव्हा हवी होतीस गं."

एवढंच. मग तिने निळ्या रंगाचा डबा बडबडीच्या हातात दिला आणि ती पुन्हा भिंतीकडे वळली. शेवटची ओळ राहिली होती. 'साथ सोडणार नाही' हे शब्द तिने सावकाश, एकही थेंब न ओघळू देता रंगवले. बडबडी डबा धरून खाली उभी होती. आणि माझ्यावर टिकटिक मधोमध उभी होती, दोन्ही पाय फाकवून. कडेला सरकलेली नव्हती.

आता माझं ऐका. तडा आरपार गेलाय, आणि मला मोडून जळणाला द्यायचं ठरलंय. त्याबद्दल माझं म्हणणं नाही. पण तुमच्या शाळेत कुणी एकटं पुढे उभं राहिलं आणि त्याचा शब्द अडला, तर कुणी हाक मारायची वाट बघू नका. रांग मोडली तर मोडू दे. जा आणि शेजारी उभे राहा. सुताराने कंटाळा केला म्हणून मी लांब झालो होतो, आणि माझ्यावर शेवटपर्यंत दोघींना जागा होती.