कोपऱ्यावरची निळी पाटी

मी ज्या घराची व्यवस्था बघते, तिथे अकरा माणसं राहतात आणि मताचा हक्क फक्त मला आहे. बाकीच्यांच्या आश्रयाच्या अर्जांचा निकाल लागायचाय. त्यामुळे निवडणूक आली की प्रचारवाले रस्त्यावरची सगळी दारं वाजवतात आणि आमचं तेवढं गाळून पुढे जातात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट डोक्याला शांतता.

भाषणांत मात्र आम्हीच. या खेपेला निळ्या पक्षाचं म्हणणं होतं, अर्जाचा निकाल लागेपर्यंत या लोकांना फक्त जीव वाचवण्यापुरते उपचार द्या. गोळ्या, चष्मे, दात त्यांचे त्यांनी बघावेत. लाल म्हणत होते, समिती नेमून आढावा घेऊ. नारिंगी म्हणत होते, सगळं फुकट देऊ. आपण निवडून येणार नाही याची खात्री असली की माणूस फार उदार होतो.

त्या मंगळवारी मी नाश्त्याची भांडी विसळत होते. लिबेराता आत आली आणि तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. ती माझ्याच देशातली, बुरुंडीची. मी येऊन सोळा वर्षं झाली, ती मागच्या हिवाळ्यात आली. नवरा तिकडे बेपत्ता झाला, एवढंच मला ठाऊक होतं. तिच्या अर्जाची सुनावणी नऊ दिवसांवर आली होती.

“ताई, एक सांगते. ओरडू नकोस.”

“आधी सांग, मग ठरवते.”

तिने मला खोलीत नेलं आणि पलंगाखालून निळ्यांची पाटी ओढून काढली. तारेचे दोन पाय, त्यांना माती तशीच चिकटलेली. वर उमेदवार ट्रेव्हर होकस्ट्राचा हसरा चेहरा आणि खाली मोठ्या अक्षरांत, ‘आधी इथली माणसं’.

“सकाळी बघते तर आपल्या अंगणात उभी! कोपऱ्यावर, सिग्नलसमोर. मी उपटली.”

मला हसू फुटलं. “अगं बाई, इथे निवडणुकीची पाटी उपटली की पोलीस केस होते!”

बोलून गेले आणि जीभ चावली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण मी अशी की एकदा चूक झाली की तिच्यावर लगेच तोडगा हवा. म्हटलं, “चल, परत देऊन येऊ.”

“कुठे?”

“त्यांच्या ऑफिसात. लपवलेली गोष्ट सुनावणीत निघाली तर जास्त वाईट. आपण कुणाच्या बापाचं खाल्लंय का?”

तिने पाटीच्या पायांची माती झाडली. मग चांगला फ्रॉक घालून आली. माझ्या हातात एक बंद पाकीट दिलं. “माझे कागद आहेत. बहिणीचा नंबर आहे. राहू दे तुझ्याकडे.” मला वाटलं, हिचं आपलं काहीतरीच. पाकीट पर्समध्ये टाकलं.

बसमध्ये ती पाटी कुठेच मावेना. कशीही धरली तरी होकस्ट्रा लोकांकडे बघून हसायचा. एका म्हाताऱ्याने आम्हाला अंगठा वर करून शाबासकी दिली. नाकात रिंग घातलेल्या एका मुलीने असं बघितलं, जणू आम्ही सख्ख्या भावंडांना विकून आलोय. मला मजा वाटत होती. लिबेराता खिडकीबाहेर बघत होती.

चपलांच्या एका बंद पडलेल्या दुकानात त्यांचं ऑफिस होतं. तिथल्या कार्यकर्त्या, सत्तरीच्या डोरीनबाई, लगबगीने पुढे आल्या. “या, या! आणखी पाट्या हव्यात का?” आम्हाला त्यांनी समर्थकच ठरवलं. कॉफी दिली, डोनट दिले. तेवढ्यात आतून होकस्ट्रा स्वतः आला आणि म्हणाला, “एक फोटो होऊन जाऊ दे!”

लिबेराताने कप खाली ठेवला. “फोटो नको. ही पाटी मी उपटली. मी आश्रय मागायला आलेय. काय शिक्षा द्यायची ती द्या.”

डोरीनबाईंनी पत्ता विचारला, चष्मा लावून यादी बघितली. “हे तर डॉक्टर पेटिटांचं घर. ते दरवेळी आमची पाटी लावायचे.”

“ते वारले. सहा वर्षं झाली,” मी म्हटलं.

“मग चूक आमची. न विचारता लावली आम्ही.” त्या लिबेराताकडे वळल्या. “तुमच्या अंगणातली पाटी काढायला कुणाची परवानगी लागत नाही, बाई. ट्रेव्हर, माफी माग.”

आणि त्याने मागितली. कान लाल झाले होते बिचाऱ्याचे.

म्हणजे केस वगैरे काही नव्हतं, मी नुसतीच तिला घाबरवलं होतं. मी पर्स उचलली, पण लिबेराता उठेना.

“एक विचारू? माझी सुनावणी नऊ दिवसांनी आहे. ब्लड प्रेशरची गोळी मी रोज घेते. तुम्ही म्हणता, निकाल लागेपर्यंत गोळी नको. मग निकाल ऐकायला मी उभी कशी राहू?”

“पक्षाचं धोरण असं आहे की तातडीचे उपचार—”

“म्हणजे मी पडल्यावर?”

डोरीनबाई म्हणाल्या, “मीही तीच गोळी घेते, ट्रेव्हर. मलाही ऐकायचंय.”

त्याने पाटी उलटी करून भिंतीला टेकवली. “आत्ता माझ्याकडे उत्तर नाही,” म्हणाला. माझं मत त्याला मिळणार नव्हतंच, पण तेवढं बोलल्याचं मला बरं वाटलं.

परतीच्या बसमध्ये लिबेराताने पाकीट मागून घेतलं. मग ती आपणहून बोलायला लागली.

“आमच्या फाटकावर पक्षाने पाटी ठोकली होती. माझ्या नवऱ्याने, रेव्हेरियनने, ती काढली. शेजारी म्हणाले, ऑफिसात जा, परत दे, माफी माग, मिटून जाईल. त्याने चांगला शर्ट घातला, पाटी काखेत धरली आणि दहा वाजता निघाला. तो परत आला नाही.”

मी हिला हसत हसत त्याच वाटेने नेलं होतं.

“मला सांगायचंस ना गं! आलीस कशाला मग?”

“इथे काय होतं ते बघायचं होतं.”

घरी पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. तिने घेवड्याच्या दाण्यांचं पातेलं शेगडीवर चढवलं आणि डाव हातात घेऊन माझ्याकडे वळली.

“ताई, उद्या लालवाल्यांकडे जाऊ. मग नारिंगीवाल्यांकडे. समिती म्हणजे किती दिवस आणि फुकट म्हणजे कधीपासून, विचारू त्यांना.”

“आणि पाकीट?”

“ते राहू दे घरी.”