झालं का?

ऑपरेटरच्या घरात आठ महिन्यांपासून एका शब्दाला बंदी होती. शिवी एक वेळ चालली असती, पण हा शब्द नाही. शब्द दोनच अक्षरांचा: झालं.

हा शब्द वगळून एक दिवस बोलून बघा, म्हणजे कळेल. त्याची बायको "जेवण आटोपलं का?" असं विचारायची आणि "दूध तापवून झा..." म्हणताना अर्ध्यावर जीभ चावायची. मुलगी एकदा न्हाणीघरातून विसरून ओरडली, "आई, माझं झालं!" तसा बाप भरल्या ताटावरून उठला, धावत जाऊन त्याने घराचा मेन स्विच पाडला आणि त्याला पाठ टेकून उभा राहिला. घामाने शर्ट भिजलेला. कुणी हात लावू नका, एवढंच म्हणत होता. मोठी बहीण मात्र आली की हमखास म्हणायची, "झालं गेलं विसरून जा रे." जखमेवर मीठ चोळायला परकी माणसं लागत नाहीत, घरची माणसं ते काम प्रेमाने करतात.

तो सबस्टेशनात ऑपरेटर होता. लाइनमन खांबावर चढला की याने त्या लाइनची वीज बंद ठेवायची, काम संपवून तो उतरला की चालू करायची. त्याचा नियम भिंतीवर चांगल्या ठळक अक्षरात लावलेला होता. लाइनमनने आपलं नाव सांगावं, लाइनचा नंबर सांगावा, माणसं खाली आल्याचं सांगावं, मगच बटण दाबावं. त्या पाटीवर कुणीतरी कॅलेंडर टांगलं होतं. दिवसातून वीस वेळा एवढी पोथी कोण वाचणार? वॉकीटॉकीवर हा विचारायचा, "झालं का?" पलीकडून उत्तर यायचं, "झालं." अकरा वर्षं याच एका शब्दावर सगळं सुरळीत चाललं होतं, आणि साहेबांनाही ते ठाऊक होतं.

पलीकडे बहुतेक वेळा खारू असायचा. खांबावर खारीसारखा सरसर चढायचा म्हणून खारू. दोघांचं मेतकूट असं, की ऑपरेटरला आवाजावरून त्याच्या तोंडात सुपारी आहे की नाही ते कळायचं.

त्या दुपारी दोनच्या सुमाराला साहेब डोक्यावर उभे होते. "किती वेळ? लोक फोन करून जीव खातायत." याने विचारलं, "खारू, झालं का?" कानात स्पष्ट आलं, "झालं." याने बटण दाबलं. खारू तेव्हा वरच होता.

चौकशीला तीन माणसं आली. खांबाखाली उभा असलेला जोडीदार म्हणाला, खारूने वॉकीटॉकीला हातसुद्धा लावला नाही, तो कमरेलाच होता. त्या सेटचं बटण अडकायचं. अडकलं की तिकडचा सगळा आवाज इकडे यायचा आणि इकडचं तिकडे काही जायचं नाही. तशा दोन लेखी तक्रारी होत्या. त्या कागदांना पाय फुटले. समितीने चहा घेतला आणि लिहिलं: ऑपरेटरला भास झाला असावा.

माणूस मेला हे दुःख होतंच, पण भास हा शब्द त्याला आतून कुरतडत राहिला. आपण ऐकलं होतं का खरंच? ऐकलं असेल तर खारू काय बोलला, कुणाशी? आणि ऐकलं नसेल, तर हे दोन कान घेऊन आयुष्यभर फिरायचं कसं? आठ महिने तो स्टोअरमध्ये नटबोल्ट देत बसला आणि दर वेळी कुणी "चार नंबर" म्हटलं की दोनदा विचारून घ्यायचा. माणसं हसायची.

कामावर परत घ्यायचं तर समुपदेशक बाईंचा दाखला हवा होता. बाई वाईट नव्हत्या. वय लहान, आवाज मऊ, टेबलावर कागदी रुमालांचा डबा. त्या म्हणाल्या, "त्यांच्या पत्नीला एकदा भेटा. मन मोकळं होईल." दुसऱ्याचं मन मोकळं करायला विधवेचं घर बरं सापडतं लोकांना. पण तो गेला, कारण जिवाला शांतता नव्हती.

वहिनींनी दार उघडलं. त्याला वाटलं होतं, आता तोंडावर आपटतील. त्या म्हणाल्या, "या भाऊजी. उशीर केलात." पाणी दिलं, चहा ठेवला. खिडकीत खारूचा स्टीलचा डबा घासून पालथा ठेवला होता.

"तुमच्यावर राग नाही असं म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पहिले चार महिने तुम्हाला शिव्यांची लाखोली वाहिली. मग दमले."

त्याने चहाचा कप उचलला.

"एका गोष्टीचा मात्र आधार आहे. माझ्याशी बोलता बोलता गेला तो."

त्याने वर पाहिलं.

"कुणी विचारलंच नाही मला, म्हणून बोलले नाही. मी फोन केला होता. कानात ती फोनची वायर घालूनच चढायचा ना मेला. सकाळी भांडलो होतो, डबा न घेता निघाला होता, मी धावत जाऊन दिला. म्हणून दुपारी विचारलं, जेवण झालं का? म्हणाला, झालं. तेवढंच. मग फोन तुटला." त्या डब्याकडे बघून हसल्या. "खोटं बोलला. डबा परत आला तो भरलेला. पण राग गेला होता त्याचा, मला बरं वाटावं म्हणून बोलला. त्या एका शब्दावर जगतेय मी, भाऊजी."

ऑपरेटरने कप खाली ठेवला.

म्हणजे कान खरे होते. खारूच बोलला होता, झालं असंच बोलला होता. अडकलेल्या बटणाने ते उचललं आणि बायकोला दिलेलं उत्तर याच्या कानात ओतलं. आनंद झाला त्याला. लाज वाटावी असा आनंद, छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसा. आता समितीच्या तोंडावर सांगता येईल, बाईंना सांगता येईल, बहिणीला सांगता येईल. फक्त तोंड उघडायचं होतं.

"तुमच्याशी शेवटचं काय बोलला?" वहिनींनी विचारलं. "लोक म्हणतात, तुम्हाला काहीतरी ऐकू आलं."

सांगितलं तर हिचा एकुलता एक शब्द हिच्याच गळ्याला फास होईल. मग उद्यापासून या घरातही त्या शब्दाला बंदी.

"काही नाही वहिनी," तो म्हणाला. "तो काहीच बोलला नव्हता. मला भास झाला."

त्यांचा चेहरा हळूहळू कठोर होत गेला.

"भास?"

"हो."

"मला वाटायचं, त्याच्या बोलण्यात काही घोटाळा झाला असेल. तुमचीही बाजू असेल. आणि तुम्ही नुसत्या भासावर माझा माणूस जाळलात?" त्या उठल्या. अर्धा प्यायलेला कप उचलून त्यांनी चहा मोरीत ओतला. "निघा. पुन्हा या दारात दिसू नका."

तो घरी आला तेव्हा बायको दारातच उभी होती. आठ महिन्यांच्या सवयीने तिने शब्द जपून वेचला.

"आटोपलं का बोलणं?"

"झालं," तो म्हणाला.

ती क्षणभर गोठली. मग तिचे डोळे भरून आले आणि ती फोनकडे धावली. आतून तिचा आवाज येत होता, ती नणंदेला सांगत होती, "ताई, बोलले हो! आत्ता माझ्यासमोर म्हणाले. सुटले बाई एकदाचे."

तो चपला न काढता तसाच मेन स्विचखाली बसून राहिला.