काळी चारचा हट्ट

आमच्या गायनवृंदासाठी ते जुनं गाजलेलं गाणं वाद्यांशिवाय, बायका-पुरुषांच्या चार आवाजांत बसवायचं मी कबूल केलं, तेव्हा मला फक्त सुरांची काळजी होती. आक्काची काळजी नंतर सुरू झाली.

आक्का माझी थोरली बहीण, आमच्या वृंदातलीच. वय एकाहत्तर. घरात, शेजारीपाजारी, कुणाच्या निरोपसमारंभात हे गाणं तीच म्हणायची. चाळीस वर्षं दुसऱ्या कुणाची टाप नव्हती. मलाही तिनेच शिकवलं, चुकलो की डोक्यात टपली मारून. आता मात्र कडव्यातला वरचा सूर तिला लागत नव्हता. तिथे आली की आवाज चिरकायचा आणि ती खोकल्याचं निमित्त करायची. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? अर्थात धाकटा भाऊ.

इमारतींचे नकाशे काढण्यात माझा जन्म गेला. तोंडाने सांगायची हिंमत होत नाही ते मी कागदावर काढतो. मूळ चाल दिली वृंदातल्या ग्रंथपालबाई आणि त्यांच्या दोन मैत्रिणींना. आक्काला दिला खालचा, बहुतेक वेळ एकाच जागी उभा राहणारा सूर.

"आणि चाल?" कागद उलटून बघत तिने विचारलं.

"आक्का, तू पाया आहेस. सगळा इमला तुझ्यावर उभा."

"असं होय," ती म्हणाली. आक्का एवढ्यावर थांबली की आपलं काही खरं नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी मी सुटलो म्हणून खूश झालो.

ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये तालमी सुरू झाल्या. गाणं सगळ्यांना इतकं पाठ, की जो तो आपला सूर सोडून हळूच चालीवर जायचा. दाताचे डॉक्टर तर दोन कडव्यांमधलं व्हायोलिनही तोंडाने वाजवायचे. ते महिन्याभरात आटोक्यात आलं, तर दुसरंच उपटलं. मी पेटीवर काळी चारचा, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीचा सूर द्यायचो, पेटी मिटायचो, आणि गाणं संपेपर्यंत सगळा वृंद तीन सूर खाली उतरलेला असायचा.

"डॉक्टर, तुम्ही सगळ्यांना खाली ओढताय," मी चारचौघांत सुनावलं. सर्वांत जाड आवाज त्यांचा, मग दोष दुसऱ्या कुणाचा असणार! बिचारे थर्मासमधून गरम पाणी आणू लागले. शेजारी आक्का शांतपणे चष्मा पुसत बसायची.

"मग सुरुवातच खालून केली तर?" ग्रंथपालबाईंनी सुचवलं.

"मूळ गाणं काळी चारमध्ये आहे," मी म्हणालो. "अभिजात गोष्टीला हात लावायचा नसतो." त्याच गाण्याचे चार तुकडे करून झाल्यावर मी हे बोललो, आणि कुणी हसलंही नाही.

ग्रंथालयाच्या पन्नासाव्या वर्षाचा कार्यक्रम आला. मी सूर दिला, हात उचलला. पहिलं कडवं, दुसरं कडवं. गाणं उतरतंय हे मला कळत होतं आणि मी डॉक्टरांकडे डोळे वटारत होतो. तिसऱ्या कडव्यात आक्काने आपला सूर सोडला आणि सरळ चाल उचलली. ग्रंथपालबाई गोंधळून गप्प झाल्या. वरचा सूर आला. आक्काने तो स्वच्छ लावला, हवा तितका वेळ धरला आणि सावकाश खाली आणला.

टाळ्या थांबल्यावर मी पेटीची पट्टी दाबून पाहिली. पांढरी चार. काळी चारच्या तीन सूर खाली.

"डॉक्टरांनी शेवटी घात केलाच," मी पुटपुटलो.

"त्यांना काही बोलू नकोस," आक्का म्हणाली. "मीच उतरवत होते. दर कडव्याआधी एक सूर. पाया मी होते ना?"

मी पेटीवरचा हात काढून घेतला.

"तीन सूर खाली मला येतंय रे अजून. नुसतं विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिने साऱ्या वृंदासमोर माझ्या टकलावर टपली मारली.