राहिलेली हाक

मुलुंडच्या इस्पितळाजवळच्या त्या धर्मशाळेत शकुंतलेचं नाव दिवसातून दहा वेळा घेतलं जायचं. जेवणाच्या कुपनाला, गरम पाण्याला, रजिस्टरवर सही करायला. "शकुंतला काशीराम घाडी, खोली चार," असा पुकारा झाला की ती दचकून उठायची. कणकवलीकडच्या तिच्या गावात या नावानं तिला कोणी ओळखलं नसतं. तिथं ती बुवांची बायको, मग सुबोधची आई, आणि नवऱ्यासाठी नुसती 'अगो'. एकतीस वर्षांच्या संसारात काशीरामबुवांनी बायकोला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. त्यांच्या बापानं मारली नाही, आज्यानं मारली नाही, मग हे कशाला मारतायत. बायकोचं नाव घेतलं तर जीभ झिजते की काय, देव जाणे.

आणि जीभ तरी कसली, पंचक्रोशीत नावाजलेली. भजनाला बुवा उभे राहिले की दोन वाड्या पलीकडे आवाज जायचा. त्याच गळ्यात गाठ निघाली. उद्या सोमवारी ऑपरेशन. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. जीव वाचेल, आवाज जाईल. सुबोध मस्कतला, त्याला रजा मिळाली नाही. शकुंतलेनं एकटीनंच कागदावर सही केली, आणि खोली चारमध्ये येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

रविवारी तीन वाजता धर्मशाळेच्या हॉलमध्ये श्रुतिका नावाची मुलगी पेटी घेऊन यायची. ज्याला गायचंय त्यानं गावं, ज्याला चित्र काढायचंय त्यानं काढावं, कोणाला नुसतं रडायचं असलं तर तेही चालेल, असा तिचा सगळा कारभार.

"मावशी, आज तुम्ही काहीतरी म्हणा ना."

"माझा काय गो. गाणारे ते," शकुंतला म्हणाली आणि तिनं फोन पुढे केला. पुतण्यानं त्यात बुवांची दीडेकशे भजनं भरून ठेवली होती.

श्रुतिकानं फोन स्पीकरला जोडला आणि हॉलमध्ये बुवांचा आवाज घुमला. चित्रं काढणाऱ्यांचे हात थांबले. जळगावच्या एक आजी टाळ्यांनी ताल धरायला लागल्या. गजर संपला, बुवा खाकरले आणि फोनमधूनच ओरडले, "अगो, चाय ठेव गो."

सगळा हॉल हसला. शकुंतलाही हसली, पण तिचं हसू लगेच विरलं. देवाची सगळी नावं होती त्या फोनमध्ये. पखवाजवाल्याचं होतं. अंगणातल्या मोत्या कुत्र्यालासुद्धा यांनी दोनदा हाक मारली होती. तिचंच नाव नव्हतं. आणि जे काय व्हायचं ते आज संध्याकाळच्या आत, नाहीतर कधीच नाही.

पाच वाजता ती वॉर्डात गेली. उद्याच्या तयारीचं सगळं चाललं होतं. सिस्टरनं बुवांचा फोन, अंगठी, गळ्यातली माळ काढून तिच्या पदरात घातली. तासभर बुवा सूचना देत बसले. पेटी पुतण्याला दे. गणपतीला मंडळ बंद ठेवू नको. शकुंतला हूं हूं करत राहिली. भेटीची वेळ संपायची घंटा झाली तेव्हा तिनं धीर केला.

"एकदा माका नावान हाक मारा."

बुवांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग आजूबाजूच्या पाच खाटांकडे. हजार माणसांपुढे न लाजणारा हा माणूस कानापर्यंत लाल झाला.

"येडी काय गो तू? हंय? लोका बघतत." बसक्या आवाजात ते पुटपुटले. "उद्या मारतंय."

"बरा," ती म्हणाली.

खरंच बरं म्हणाली. एकतीस वर्षं दर गोष्टीला बरं म्हणायची सवय. दोन जिने उतरून खाली आली, तेव्हा तिच्या लक्षात आलं. उद्या कुठला आणला यांनी? ती तशीच वळली. वॉचमननं हात आडवा केला. "टाइम संपला, मावशी. आता सकाळी." फोन करावा तर बुवांचा फोन तिच्याच पिशवीत.

सकाळी ती पोचली तेव्हा बुवा ट्रॉलीवर होते आणि इंजेक्शननं डोळे मिटलेले होते. तिनं हात धरला. लिफ्टचं दार लागलं.

पुढचे पाच दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. भजनं ऐकायला फोन उघडायचा धीर तिला झाला नाही. रात्री जळगावच्या आजी विचारायच्या, "जेवलीस का गं?" आणि ती हो म्हणून टाकायची.

सहाव्या दिवशी बुवांना वॉर्डात आणलं. गळ्याला भोक, त्यात नळी, नळीतून श्वासाची घरघर. सिस्टरनं हातात पाटी दिली होती, हवं-नको लिहायला. शकुंतला खाटेपासून चार पावलांवर थबकली, पुढं जाववेना. बुवांनी तिला बघितलं. पेन्सिल घेतली आणि बराच वेळ लिहीत राहिले. मग पाटी तिच्याकडे फिरवली. सगळ्या पाटीभर दोनच अक्षरं होती.

शकू.

आणि तोंड उघडं ठेवून, आजूबाजूच्या पाचही खाटांच्या देखत, तिच्याकडे बघत राहिले.

"ओ," शकुंतला म्हणाली.

शेजारच्या खाटेवरच्या माणसानं वळून बघितलं. हाक तर कोणीच मारली नव्हती.