देवमनचा कान

ज्या गारा देवमननं उभ्या आयुष्यात घमेली भरभरून बांधावर फेकल्या, त्या वाशीमच्या दगडांच्या प्रदर्शनात मखमलीवर ऐटीत बसल्या होत्या. पांढऱ्या, हिरवट, गुलाबी गारगोट्या. वर दिवे, शेजारी नावाच्या चिठ्ठ्या. पहिल्याच टेबलाशी देवमनचं तोंड जे उघडलं ते मिटेना.

"अवो, हे तं आपल्या इहिरीतलं!" तो ओरडला. "हे मी पायानं लोटून देलं हाये!"

देवमन विहिरी खणणारा. मालेगाव तालुक्यातल्या चाळीसेक विहिरी त्याच्या हातच्या, पण हातापेक्षा त्याच्या कानाचा बोलबाला जास्त. सुरुंग उडाला की हा आधी खाली उतरून भिंतीतला एकेक दगड हातोड्यानं ठोकायचा. खणखणीत वाजला तर भरीव, भिंत धरून राहणारा. बद्द वाजला तर पोकळ, केव्हाही सुटणारा. तो आधी पहारीनं पाडायचा. देवमननं 'उतरा' म्हटल्याशिवाय कुणी दोराला हात लावत नसे.

बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी त्यानं एक दगड ठोकला आणि 'भरीव' म्हणून सोडून दिला. दुपारी धाकटा भाऊ खेमा जेवून येऊन खाली उतरला, आणि तोच दगड सुटून त्याच्या डोक्यावर आला.

तेव्हापासून तो भोपळ्याएवढा दगड देवमनच्या ओसरीत होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ठोकून दाखवायचा. "आयका. भरीव हाये का नाही? माझा कान चुकला नाही. खेमाचं मरन होतं, ते आलं." लोक माना डोलावत. डोलावणार नाहीत तर काय करतील? भाऊ गमावलेल्या माणसाशी कोण वाद घालणार?

खेमाची बायको गोमतीबाई त्याच अंगणात, भिंतीपलीकडच्या खोलीत राहायची. ती कधी काही बोलली नाही, आणि त्याचं कुणाला नवलही वाटलं नाही. देवमन तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्याशी भावजयीनं तोंड उघडायचं नाही, ही घरची जुनी रीत. डोक्यावर पदर, आणि सांगायचंच झालं तर लेक पौर्णिमाच्या तोंडून.

प्रदर्शनाची बातमीही पौर्णिमानंच आणली. "मोठेबाबा, तिथं दगड कापाची मशीन हाये. एकदा कापूनच पाहू, म्हंजे तुमच्या जिवाले शांती." देवमन लगेच तयार झाला. मशीनच साक्ष देणार, मग आणखी काय हवं! एसटीत दगडाचं पोतं लेकरासारखं मांडीवर घेऊन तो असा बसला, की कंडक्टरनं याचं हाफ तिकीट फाडू का म्हणून चेष्टा केली. "मी बी येतो, सांग त्यायले," एवढंच म्हणून गोमतीबाई मागच्या सीटवर बसली होती.

मशीनपाशी गर्दी जमली. शेजारी पाटे-वरवंटे घडवत बसलेले पाथरवटही टाकी-हातोडा खाली ठेवून पाहू लागले. पाण्याच्या धारेखाली पातं दगडात शिरलं.

"पाहा आता," देवमन सगळ्यांना सांगत होता. "आतून ठोस निघते. लोखंडावानी."

दगडाचे दोन तुकडे झाले. आत मूठ जाईल एवढी पोकळी होती, आणि तिच्यात चहूबाजूंनी पांढऱ्याशुभ्र गारा लखलखत होत्या.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोबाइल वर झाले. "आजोबा, लॉटरी लागली तुमाले!" कुणीतरी पाठीवर थापही मारली.

देवमनला काही ऐकू येईना. त्यानं मूठ वळून पोकळीत घातली. ती मनगटापर्यंत गेली. चटका बसावा तसा त्यानं हात मागे घेतला.

"हा माझा दगड नाही. बदलला तुमी," तो म्हणाला. पण पोत्यातून तो त्यानंच काढून दिला होता, आणि पात्याखाली जाईपर्यंत त्याची नजरही हलली नव्हती. तो तिथंच मातीत बसला.

"म्या मारलं खेमाले," तो म्हणाला. "माझ्या भावाले म्याच मारलं."

पौर्णिमा पांढरीफटक पडली. मोठ्या बाबांचं ओझं उतरावं म्हणून तिनं हा घाट घातला होता. तिनं आईकडे पाहिलं.

गोमतीबाईनं डोक्यावरचा पदर मागे सारला.

"मले मालूम होतं," ती म्हणाली.

आवाज कुणाचा हेच देवमनला आधी कळेना. तो आवाज त्याच्याशी कधी बोललाच नव्हता. तिनं थेट त्याच्या तोंडाकडे पाहिलं तेव्हा तो हादरला.

"त्या दिवशी जेवाले घरी आले तवा सांगतलं त्यायनं. म्हने, तो दगड बद्द वाजते, म्या ठोकून पाह्यला. मी म्हनलं, मंग उतरू नका. तं म्हने, दादानं भरीव सांगतला. चार मानसात दादाचा कान खोटा पाडू काय?"

गर्दीतल्या टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या.

"बावीस वर्सं तुमी लोकायले तो दगड वाजवून दाखवला," गोमतीबाई म्हणाली. "मी भिंतीमांगून आयकत होतो. दर खेपेले बद्दच वाजला."