वरच्या आळीची पुढची दारं

वेल्सच्या डोंगरातल्या आमच्या कुमकारेगमध्ये घराचं पुढचं दार तिघांसाठीच उघडतं: पाद्री, डॉक्टर आणि शवपेटी. बाकी सगळ्या जगानं मागच्या गल्लीतून यायचं, कुत्र्याला नावानं हाक मारायची, दोरीवरचे ओले कपडे बाजूला सारायचे आणि थेट स्वयंपाकघरात शिरायचं. पुढच्या दारावर टकटक झाली की आतली माणसं चिडीचूप होतात. परका कोणीतरी आलाय, दमून जाईल आपोआप, असा आमचा हिशेब.

म्हणून तर एप्रिलमध्ये, काउन्सिलवर वर्षानुवर्षं बसलेल्या लाल पक्षाचा स्टुअर्ट मॅडॉक्स वरच्या आळीत मतं मागायला आला, तेव्हा काय हसलो होतो आम्ही! चौदा घरं, चौदा पुढची दारं, त्यानं एकेक वाजवलं आणि एकही उघडलं नाही. क्लबात इडवाल पारीनं त्याची नक्कल करून दाखवली. इडवाल म्हणजे वेल्श पक्षाचा आमच्याकडचा जुना खांब. पंचाहत्तरीचा, विधुर, चौदा निवडणुका लढवून एकही न जिंकलेला, आणि तरी ताठ.

"सात पिढ्या आमच्या मतांवर पोसले, आणि आमचं मागचं दार कुठं आहे ते ठाऊक नाही!" तो म्हणाला.

तेगवेन प्रॉसर सगळ्यांत जास्त हसली. तीच तर आमची उमेदवार. शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवण वाढणारी, मोठ्या आवाजाची, अडतीस वर्षांची बाई. पंधराव्या वर्षी इडवालनं तिला वेल्श लिहायला शिकवलं, पक्षात आणलं, आणि या वेळी पहिल्यांदाच असं झालं होतं की आपण निवडून येतोय हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

कारण होतं चॅपलचा हॉल. चॅपल केव्हाच बंद पडलं, पण त्याच्या मागचा, आळीच्या टोकाचा हॉल जिवंत होता. मंगळवारी म्हाताऱ्यांचं जेवण, बुधवारी तान्ही पोरं, शुक्रवारी गाण्याची तालीम. जानेवारीत काउन्सिलचं पत्र आणि तज्ज्ञांचा अहवाल आला की वरच्या आळीमागचा खाणीच्या मातीचा ढीग सरकतोय, हॉल वापरायला धोकादायक आहे, बंद करा. आता तो ढीग माझ्या आजीच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा आहे. खाण बंद होऊन चाळीस वर्षं झाली, त्यावर गवत उगवलं, मेंढ्या चरतात. काउन्सिलनं आधी ग्रंथालय बंद केलं, मग दवाखाना, मग बस. आता ढीग सरकला म्हणे!

तेगनं हॉलच्या व्यासपीठावर उभं राहून तो अहवाल टराटरा फाडला. टाळ्यांनी काचा थरथरल्या. इडवालनं पत्रकावर ओळ लिहिली, "डोंगर जागचा हललेला नाही. हललीय ती काउन्सिलची नियत." ती ओळ खिडक्याखिडक्यांत लागली. पुढं काउन्सिलनं मतदान केंद्रही हॉलमधून नदीपलीकडच्या शाळेत हलवायचं काढलं, तर तेगनं चारशे सह्या गोळा करून तेही हाणून पाडलं. मतदान हॉलमध्येच होणार होतं. निवडणुकीआधीचा तिचा पहिला विजय, असं इडवाल म्हणाला.

मग पाऊस लागला. अकरा दिवस.

मतदान गुरुवारी होतं. आदल्या शनिवारी नऊ नंबरातल्या मार्गेड बेवन गेल्या. वय एक्क्याण्णव. टपालानं मत आधीच देऊन बसल्या होत्या.

"बाई गेली, पण मत आपल्याला ठेवून गेली," इडवाल डोळे पुसत म्हणाला. त्याला रडताना विनोद सुचतात.

सोमवारी सकाळी त्यांची शवपेटी न्यायला सगळी आळी रस्त्यावर छत्र्या धरून उभी होती. आत पुढच्या अरुंद बोळात सहा माणसं पेटी खांद्यावर घेऊन थांबलेली. तेग मार्गेडबाईंची टोपी आणि बायबल घेऊन जिन्याच्या पायरीवर उभी. इडवालनं खिट्टी काढली, किल्ली फिरवली, दार ओढलं. दार हललं नाही.

"फुगलंय," तो म्हणाला. "आठवडाभर पाऊस पडला तर माणूस फुगेल, लाकडाचं काय!"

त्यानं पुन्हा ओढलं. बाहेरून दोघांनी ढकललं. रस्त्यावरून कोणीतरी ओरडलं, "मार्गेड, नखरे पुरे! चहा थंड होतोय!" आणि सगळे हसले. पेटी धरलेल्यांचे खांदे भरून आले तेव्हा पेटीवाला हळूच म्हणाला, "मागच्या दारानं नेली तर?"

"मागनं? कचऱ्याच्या डब्यासारखी?" इडवाल असा कडाडला की तो बिचारा भिंतीला चिकटला. "सासू, नवरा, सगळे या घरातून पुढच्या दारानं गेले, तीही पुढच्याच दारानं जाईल. पहार आणा!"

पहार आणली. लाकूड किंचाळलं. आणि दार निघता निघता तेगचं लक्ष वरच्या फटीकडं गेलं. एका कोपऱ्यात बोट जाईल एवढी मोकळी फट, आणि दुसऱ्या कोपऱ्यात चौकट दारावर अशी रुतलेली की कागद सरकणार नाही.

तिचा बाप खाणीतला सुतार. बोगद्याला लाकडाचे टेकू द्यायचा. लहानपणी त्यानं तिला सांगितलं होतं, "फुगलेलं दार चारी बाजूंनी अडतं, पोरी. एकाच कोपऱ्यात अडलं तर दाराचा दोष नाही, भिंत चाललीय. दगड पडायच्या आधी लाकूड बोलतं."  बायबल छातीशी धरून ती पेटीमागून बाहेर आली, दफनभूमीपर्यंत चालली, भजन म्हटलं, पण त्यातला एकही शब्द नंतर तिला आठवत नव्हता.

हॉलमध्ये चहा आणि मनुकांचा ब्रेड चालू असताना ती निसटली आणि आठ नंबरच्या मागच्या दारानं आत शिरली. ग्वेन्लियन रीस जुळ्यांना भरवत होती.

"ग्वेन, तुझं पुढचं दार उघडून दाखव."

"का ग? कोण मेलं आता?"

"उघड तर."

ग्वेननं ओढलं. मग पाय चौकटीला लावून ओढलं. "अय्या! नाताळात तर उघडलं होतं... का नव्हतं? मेलं, आमच्याकडं येतंय कोण पुढनं!"

सात नंबर. सहा. दहा. अकरा. सगळीकडं तोच कोपरा रुतलेला, डोंगराकडून रस्त्याकडं कललेला. अकरा नंबरच्या बाईंनी तर दारापुढं शिवणयंत्र मांडून ठेवलं होतं. स्टुअर्ट मॅडॉक्सला कोणी दार उघडलं नव्हतं हे खरं; पण उघडायला गेले असते तरी उघडलं नसतं. त्याच्या जागी आमच्यातलाच कोणी पुढून आला असता, तर एप्रिलमध्येच कळलं असतं. आणि आम्ही हसलो.

तेग आळीच्या टोकाला जाऊन उभी राहिली, तेव्हा तिला सगळ्यांत वाईट गोष्ट दिसली. आमची मागची दारं डोंगराकडं उघडतात. जे यायचं ते मागून येईल, आणि पुढून कोणाला पळता येणार नाही. गुरुवारी तर सगळं गाव टोकाच्या हॉलमध्ये रांगेत उभं असेल, तिनंच चारशे सह्या करून आणलेलं.

तिनं तिथूनच काउन्सिलला फोन लावला. पलीकडच्या माणसानं फाइल काढली. "मिस प्रॉसर, आम्ही हेच अहवालात लिहिलं होतं. तुम्ही तो फाडला."

"फाडला. चुकले. माणूस पाठवा."

"निवडणुकीला तीन दिवस उरलेत. तुम्हीच हरकत घेतली म्हणून केंद्र तिथं ठेवलं. आता रहिवाशांची लेखी मागणी आल्याशिवाय..."

"आणते," ती म्हणाली.

आधी इडवालकडं गेली. बारा नंबर. तो स्वयंपाकघरात मतदारांच्या याद्यांवर हिरव्या खुणा करत बसला होता. तिनं सगळं सांगितलं. त्यानं पेन्सिल खाली ठेवली नाही.

"तुला भीती वाटतेय," तो म्हणाला. "जिंकणार म्हणून. मलाही वाटली असती."

"काका, उठा आणि तुमचं पुढचं दार उघडा. उघडलं तर मी शब्द मागं घेते."

"माझं दार उत्तम उघडतं."

"मग उघडा ना!"

"नाही उघडत मी, जा!" त्याचा आवाज फाटला. "अख्खं आयुष्य मी या लोकांना सांगत आलो, वरून येतं ते सगळं खोटं असतं. या एका वेळेला लोकांनी ऐकलं. आणि तू तीन दिवस आधी जाऊन सांगणार की काउन्सिल खरं बोलत होती? पोरी, आपल्याच पायावर धोंडा पाडतेस. आणि माझ्याही."

"धोंडा वरूनच येतोय, काका. मी पाडत नाहीये."

त्यानं यादीवर आणखी एक हिरवी खूण केली. तेग रडत बाहेर पडली, आणि ते तिनं कोणापासून लपवलं नाही.

मंगळवारी तिनं जन्मात केलं नव्हतं ते केलं. वरच्या आळीची पुढची दारं वाजवली. आतून ओरडा येई, "मागनं ये की ग, वेडी का काय!" ती बाहेरूनच ओरडायची, "मत देऊ नका मला. फक्त हे दार उघडून दाखवा. उघडलं तर मी निघून जाते."

काय काय ऐकून घेतलं तिनं! अकरा नंबरच्या बाई पत्राच्या फटीतून म्हणाल्या, "तूच म्हणालीस ना, डोंगर हलला नाही म्हणून? खिडकीत लावलंय मी ते!" कोणी म्हणालं, लाल पक्षानं विकत घेतली. कोणी म्हणालं, आता आमच्या घराकडं कुत्रं फिरकणार नाही, तुला घेता येईल स्वस्तात. तेग प्रत्येक वेळी तेच म्हणायची, "मी चुकले. दार उघडा." आणि शिव्या देत देत माणसं दाराशी यायची, ओढायची, आणखी जोरात ओढायची. मग पत्राच्या फटीतून सहीच्या कागदासाठी हात पुढं यायचा. तो हात तिला शिव्यांपेक्षा भयंकर वाटायचा.

संध्याकाळपर्यंत बारा घरांच्या सह्या झाल्या; नऊ नंबर आता रिकामंच होतं. बुधवारी काउन्सिलची माणसं आली, ढिगावर चढली, आणि वर गेली त्याच्या दुप्पट वेगानं खाली आली. मेंढ्या आधीच कुठंतरी निघून गेल्या होत्या. आळीला पोलिसांची पट्टी लागली. मतदान शाळेत हलवलं. बारा घरं गाद्या, कुत्रे, टीव्ही घेऊन नातेवाइकांकडं गेली, आणि जाताना तेगकडं बघितलं फक्त ग्वेननं.

उरलं इडवालचं घर. पोलिसानं समजावलं, ग्वेननं हात जोडले. पालथ्या घड्यावर पाणी. त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं, "उद्या सकाळी आठ वाजता मी सूट घालून, पक्षाचं फूल लावून, माझ्या पुढच्या दारानं मतदानाला निघणार. मग बघा."

गुरुवारी पाऊस थांबला होता. आठ वाजता पट्टीपाशी निम्मं गाव जमलं.  डोंगरावरून एक बारीक आवाज येत होता, कोणीतरी पोत्यातून वाटाणे ओतत असल्यासारखा.

बारा नंबरची खिट्टी वाजली. किल्ली फिरली. मग एक हिसका. थोड्या वेळानं दुसरा. मग हिसके, एकामागून एक, आणि मध्ये म्हाताऱ्याचा श्वास.

"काका!" तेग पट्टीखालून निघाली. पोलिसानं दंड धरला, तिनं झटकला. सोमवारची पहार अजून नऊ नंबरच्या भिंतीला टेकून होती, ती तिनं उचलली.

दाराखालून पाणी येत होतं. काळं.

"तेग?" आतून आवाज आला. तिनं तो आवाज असा लहान कधी ऐकला नव्हता. "उघडत नाही ग. मागं... मागं स्वयंपाकघर भरलंय. उघड ना दार."

"दार सोडा! खिडकीत या!"

तिनं बैठकीच्या खिडकीवर पहार घातली. काच, चौकट, पडदा, सगळं एकदम आत गेलं. इडवाल खिडकीत आला, गुडघ्यापर्यंत काळा, कोटाला फूल. तिनं त्याची कॉलर धरली आणि पोतं ओढावं तसा त्याला बाहेर ओढला. दोघं रस्त्यावर पडली, उठली, पळाली. मागं वाटाण्यांचा आवाज मोठा झाला आणि मग तो वाटाण्यांचा राहिला नाही.

पट्टीपाशी लोकांच्या हातांनी त्यांना पलीकडं ओढलं, तेव्हा तेगनं वळून बघितलं. टोकाचा हॉल आधी गेला, छप्पर तेवढं क्षणभर वर तरंगलं. आधी ठरल्याप्रमाणं मतदान झालं असतं, तर या वेळी आत रांग असती.

मग बारा नंबरचं पुढचं दार उघडलं. आतून, चौकटीसकट बाहेरच्या बाजूला, सावकाश, पाहुण्याला वाट द्यावी तसं उघडलं, आणि डोंगर रस्त्यावर आला.

इडवाल तेगचा हात धरून उभा होता. त्याच्या तळव्यातून रक्त येत होतं. तो दाराकडं बघत होता.

"उघडतं म्हणालो होतो मी," तो म्हणाला, आणि खाली बसला.