टेलरबाईंचा रविवार

ड्रायव्हरसाहेब निवृत्त झाले त्या दिवशी डेपोत मोठा समारंभ झाला. इतकी वर्षं गाडी चालवली पण गाडीला ओरखडा म्हणून नाही, असं मॅनेजर दोनदा म्हणाले. पहिल्या रांगेत बसलेल्या साहेबांच्या बायकोनं टाळ्या वाजवल्या खऱ्या, पण तिच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. या माणसाला आता रविवारी सुट्टी असणार होती.

या बायकोला सगळी गल्ली टेलरबाई म्हणायची. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. एक मशीन, एक आरसा आणि भिंतीभर टांगलेले लोकांचे कपडे. कुणाला चेन बदलून हवी, कुणाची पॅन्ट कमरेत सैल करून हवी, आणि प्रत्येकाला ती आजच हवी. सहा दिवस हा गोंधळ झाला की सातव्या दिवशी बाई शटर ओढायच्या, पाण्याची बाटली घ्यायच्या आणि शहराबाहेर जाणारी बस पकडायच्या. वीटभट्टीच्या स्टॉपवर उतरायचं, मागची पायवाट धरून कालव्यावर जायचं, आणि पाण्याच्या कडेकडेनं थेट जुन्या पंपापर्यंत चालत सुटायचं. तिथून परतीची बस. मधे काय वाटेल ते. वाटलं तर बसायचं, वाटलं तर बदकांशी बोलायचं. ड्रायव्हरच्या घरच्यांना मिळणारा पास साहेबांनीच आणून दिला होता, पण त्याचं असं सोनं होईल हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांना रविवारी हमखास ड्यूटी असायची.

"आता मीही येतो तुझ्याबरोबर," निवृत्तीनंतरच्या पहिल्याच शनिवारी साहेब म्हणाले. "घरी बसून काय करू?"

नाही म्हणायला काही कारण सापडेना, म्हणून बाई हो म्हणाल्या.

बसमध्ये साहेब ड्रायव्हरच्या बरोबर मागे बसले. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला जाई. "घाई करतोय," ते पुटपुटायचे, "आता ब्रेक. ब्रेक रे बाबा." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, दुसरं काय. नवा ड्रायव्हर पोरगेला होता, त्यानं आरशात एकदा पाहिलं आणि गाडी हाकत राहिला.

कालव्यावर तर कहरच झाला. साहेब आयुष्यभर नाकासमोर बघून चाललेला माणूस. ते वाटेच्या डाव्या कडेनं, एका लयीत चालायला लागले ते चालायलाच लागले. वाट वळली की हात बाहेर काढून इशारा द्यायचे. मागे कुणी नसे, फक्त बायको असे. लव्हाळ्यात खंड्या बसलेला दिसला म्हणून बाई थबकल्या, तर साहेब लांबून ओरडले, "अगं चल, इथे स्टॉप नाही."

खंड्या उडून गेला.

त्या दिवशी बाई हसल्या. पुढच्या रविवारी मात्र हात दाखवून अवलक्षण झालं. अर्ध्या वाटेत साहेब म्हणाले, "जुन्या पंपापर्यंत कशाला जायचं? पुढे छोटा पूल आहे. तो ओलांडला की समोर रस्ता आणि आपला स्टॉप."

"इथे पूल नाही हो," बाई म्हणाल्या.

"रोज डोळ्यांसमोरून गेलाय माझ्या. मला सांगतेस?"

बाईंना त्या भागातली पाण्याकाठची खूण न् खूण माहीत होती, पण साहेबांचा उत्साह त्यांना मोडवेना. वाट सोडून दोघं काट्याकुट्यांतून पूल गाठायला निघाली. पूल आला. तो पूल नव्हताच. या काठावरून त्या काठावर गेलेला तो पाण्याचा जाडजूड पाइप होता. रस्ता मधे कालव्यापलीकडे जायचा आणि पंपाच्या आधीच्या स्टॉपपाशी पुन्हा अलीकडे यायचा; तिथून, गाडीच्या काचेतून, तो पाइप थेट पुलासारखा दिसायचा. साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्यानंच दगा दिला. तेवढ्यात पलीकडच्या रस्त्यावर बस आली, स्टॉपवर थांबली, कुणीतरी उतरलं, आणि बस निघूनही गेली. ही दोघं अलीकडे उभी.

"आता पुढची कधी?" बाईंनी विचारलं.

"येईल," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

आल्या पावली मागे फिरावं लागलं. बाईंच्या पायात काटा मोडला होता, पण दुखत होतं ते तिथे नव्हे. एका दगडावर बसून काटा काढता काढता त्या बोलून गेल्या.

"अहो, राग मानू नका. सहा दिवस मी लोकांची मापं घेते. घरी आधी मुलांचं, मग आल्यागेल्याचं, मग तुमचं. या वाटेवर मला कुणी काही विचारत नाही. कुठे निघालीस, किती वेळ, चल, थांब, काही नाही. एवढं एकच माझं आहे. तुम्ही माणूस चांगले आहात. पण इथे नका येऊ."

साहेबांनी बाईंच्या हातातला काटा घेऊन पाण्यात टाकला. "बरं," एवढंच म्हणाले.

आठवडाभर घरात शब्दाला शब्द लागला नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं बाईंना वाटून गेलं. साहेबांनी न सांगता मशीनला तेल दिलं, आरसा पुसला, दुकानाची पाटी सरळ केली. माणूस असा शहाण्यासारखा वागायला लागला की जास्तच जिवाला लागतं. शनिवारी रात्री बाई म्हणाल्याही, "यायचं असेल तर..." साहेब म्हणाले, "छे, छे. तू जा."

रविवारी सकाळी बघतात तर साहेब बूट घालून दारात उभे. बाईंच्या कपाळाला आठी पडली. साहेब त्यांच्या मागोमाग बसमध्ये चढले आणि ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसले. वीटभट्टी आली, बाई उतरल्या. साहेब उतरलेच नाहीत. पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले आणि बस त्यांना घेऊन पुढे गेली.

"बसची हौस फिटत नाही अजून," बाई स्वतःशी म्हणाल्या आणि कालव्यावर आल्या. काय ते पाणी, काय ती शांतता. त्या बसल्या, उठल्या, बदकांना दोन गोष्टी सांगितल्या. सगळं होतं तसं मिळालं होतं. तरी मधूनच कान मागे जात होते, कुणी "स्टॉप नाही" म्हणतंय का ते ऐकायला. या गोष्टीचा त्यांना मनस्वी राग आला.

निम्मी वाट सरली असेल, तेव्हा समोरून एक माणूस येताना दिसला. डाव्या कडेनं, एका लयीत. जुन्या पंपावर उतरून साहेब उलट्या बाजूनं चालत आले होते.

आता हे गळ्यात पडणार, असं बाईंना वाटलं. पण साहेब जवळ आले, समोरासमोरच्या बसचे ड्रायव्हर एकमेकांना करतात तसा त्यांनी नुसता हात वर केला, आणि न थांबता शेजारून निघून गेले. एक शब्द नाही. चालही मोडली नाही.

बाई चार पावलं पुढे गेल्या आणि उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं त्यांचं म्हणणं इतकं तंतोतंत ऐकलं नव्हतं. मागे वळून पाहिलं तर साहेब चालतच होते, पाठ ताठ, हात सरळ, जणू मागून कुणी हाक मारेल ही शक्यताच नाही.

"अहो!"

साहेब थांबले. पण वळले नाहीत. "काही विचारत नाही मी तुला," तिथूनच म्हणाले.

"मी विचारते. कसं काय, पंपाकडची बाजू?"

"बरी आहे. एक कासव होतं दगडावर. मी थांबलो होतो बघायला." मग जरा चाचरत, "बराच वेळ थांबलो होतो."

बाईंनी पंपाकडे पाहिलं. पुढे त्यांची अर्धी वाट होती आणि ती त्यांना एकटीनंच हवी होती, अजूनही. तेही खरं होतं.

"असं करा," त्या म्हणाल्या, "पुढच्या रविवारी पंपापर्यंत जाऊ नका. एक स्टॉप आधीच उतरा."

"का?"

"म्हणजे लवकर भेटाल."